परतीची वेळ

शिखर समोर दिसत होतं, तरी ट्रेक नेणाऱ्या सहानाने सगळ्यांना मागे फिरायला सांगितलं. परतीची ठरलेली वेळ झाली होती आणि ढग खाली उतरू लागले होते. बाकीचे वळले, पण चेन्नईजवळ अंबत्तूरला कारखाना असलेले सुधींद्रराव जागचे हलेनात.

“अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. चेन्नईहून इतक्या लांब काय ढग बघायला आलो?”

“चढायला अर्धा तास, सार. पण उतरताना अंधार गाठेल. खाली चला.” तिचा आवाज चढला नाही, पण ती वाटेतून बाजूलाही झाली नाही.

थोडं उतरल्यावर ढग पांगले आणि शिखर उन्हात लख्ख दिसू लागलं. सुधींद्रराव वाटभर मागे वळून वळून शिखराकडे पाहत होते. घरी पोचल्यावर भेटेल त्याला सांगत सुटले, “ती बाई फार घाबरट आहे.” ते सहानाच्या कानावर आलं. तिने पुढच्या ट्रेकलाही नियम तोच ठेवला.

महिन्याभराने सुधींद्रराव चेन्नईत वेस्ट मांबलमला तिच्या ऑफिसात आले. सोबत त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी होती.

“ही हरिणी. पुढच्या ट्रेकला हिचं नाव घाला.”

“घालते, सार. पण आधीच सांगते, वेळ झाली की मी आजही शिखराखालून परत फिरवते.”

“म्हणूनच इथे आलो,” ते म्हणाले. “मला वर नेणारं कुणीही चाललं असतं. हिला घरी आणणारं माणूस पाहिजे.”