खालून येणारी ठकठक

यंत्राचा ताल नको, सगळं हातानं वाजवायचं, हा पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या त्या हिप-हॉप बँडचा तोरा. पहिला अल्बम त्यांनी सरावाच्या भाड्याच्या खोलीतच रेकॉर्ड केला. खालच्या मजल्यावरच्या दोना एर्मेलिंदा झाडूच्या दांड्यानं छत ठोकायच्या, ती ठकठकही त्यात राहून गेली. लोकांनी नेमकी तीच डोक्यावर घेतली. पण बाईंना आणखी त्रास नको म्हणून पोरांनी खोली सोडली, आणि पुढचे चारही अल्बम आपटले.

वीस वर्षांनी, बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमाआधी, ड्रमर तेल्मोला राहवेना. ती ठकठक दर वेळी बरोबर तालातच कशी पडायची? केक घेऊन तो थेट बाईंच्या दारात उभा राहिला.

“दोना एर्मेलिंदा, वरचा बँड आठवतो? फार वैताग दिला ना तुम्हाला?”

“वैताग कसला! गावच्या जत्रेत मिरवणुकीपुढचा मोठा ढोल मी वाजवायचे.”

“मग छत का ठोकायचात?”

“अरे, त्यांचा तो ड्रमवाला ताल सोडून सारखा पुढे पळायचा! कुणीतरी धरायला नको त्याला?” बाईंनी केकचा तुकडा तोंडात टाकला. “अजून तोच आहे का रे?”