किल्ल्यावर भरलेली ओटी

२०१८ साली माझ्या नातीचा, चांदणीचा, बघण्याचा कार्यक्रम आम्ही उत्तनच्या पडक्या किल्ल्यावर ठेवला, कारण घरी पोहे घेऊन यायला ती तयार नव्हती. जुनी डोंगरवाट दाखवायला शेजारच्या तारोडी गावची व्हेनेसा होती. मुलाची आत्या इंदुबाई हिनं चांदणीला कधी पाहिलं नव्हतं. तिला व्हेनेसानं हात धरून वर नेलं.

वर पोचताच इंदुबाईनं नारळ काढून व्हेनेसाचीच ओटी भरली. "पोरगी पसंत हाय आमाला!"

"अहो, ती वाट दाखवणारी! चांदणी ही!" मी ओरडले.

मुलगा, कुलदीप, हळूच म्हणाला, "राहू दे ना, आजी."

व्हेनेसा हसली. "नारळ मी परत न्हाय देनार."



कुलदीप-व्हेनेसाच्या लग्नात चांदणी करवली होऊन मिरवली, आता बंगळुरात एकटी मजेत असते, आणि इंदुबाई अजून सगळ्यांना सांगते, "सून मी डोंगर चढून पारखलीय!"