मिनिट आणि सेकंद

“मांजर नको,” चांदपाशा म्हणाले. “लई नखऱ्याचं जनावर. पुढ्यात ठेवलं की वास घेते न् निघून जाते. उंदीर दाखवा.”

लुबनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांचा जीव रमावा म्हणून तिनंच त्यांना या दुकानात आणलं होतं. तिच्या मनात पोपट होता, फार तर ससा. आणि हे म्हणतात उंदीर! मोहल्ल्यात कुणी ऐकलं तर?

दुकानदार आनंदराजला मात्र काही नवल वाटलं नाही. त्यानं पाळीव उंदरांचा पिंजरा पुढं ओढला.

“एकटा नेऊ नका चाचा, झुरतो. दोन न्या, दोन्ही नर, नाहीतर घरभर पिल्लं होतील. शिंकणारा घेऊ नका. हात आत घाला. जो आपणहून जवळ येईल तो तुमचा.”

चांदपाशांनी हात आत घातला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हात. एरवी हल्ली थरथरायचा, तिथं मात्र अगदी स्थिर राहिला. दोघं आले. एक पांढराशुभ्र, दुसऱ्याच्या पाठीवर काळा पट्टा.

“खातात काय?”

“आपण खातो ते सगळं. चपाती, भात, वरण, अंडं. फक्त नासकं देऊ नका. उंदराला ओकता येत न्हाई चाचा. पोटात गेलं ते गेलं.”

“ओकताच येत न्हाई?”

“न्हाई.”

“हे दोन द्या,” चांदपाशा म्हणाले.

परतताना रिक्षात लुबनानं पिंजरा मांडीवर घेतला. उंदीर तर उंदीर! म्हातारा दोन घास खायला लागला तर तिनं घरात घोरपडही पाळली असती.

तिची सासू सुलतानबी जाऊन सात महिने झाले होते. त्या दिवशी दोघी सासूसुना एकत्र बसल्या होत्या, हसणं-खिदळणं चाललं होतं. लुबनाच्या हातचं जेवण झालं, सासूला उलट्या सुरू झाल्या आणि उजाडायच्या आत सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. तेव्हापासून चांदपाशांची अन्नावरची वासनाच उडाली. केळी खायचे, अंडी स्वतः उकडून स्वतः सोलायचे, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणायचे. लुबनानं वाढलेलं ताट तसंच परत यायचं. अकरा किलो वजन उतरलं.

तिचा नवरा नबील पार वैतागला होता. “या महिन्यात जेवले तर ठीक. नाहीतर लातूरला सादियाकडं नेऊन सोडतो,” असं त्यानं सांगूनच टाकलं होतं. सादिया त्याची बहीण. तसं झालं असतं तर सुनेनं म्हाताऱ्याला उपाशी मारून हाकललं, असंच जगानं म्हटलं असतं. पण लुबनाचा जीव जगासाठी तुटत नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातच्या करपलेल्या चपातीला या घरात फक्त चांदपाशांनी चांगलं म्हटलं होतं.

उंदीर तीन दिवस चांदपाशांच्या जुन्या टोपीत दडून बसले. चौथ्या दिवशी दुपारी ताट आलं, तसा चांदपाशांनी चपातीचा तुकडा सालनाच्या रश्शात बुडवून पिंजऱ्यात धरला. दोघांनी झडप घालून तो पळवला. चांदपाशांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं आणि उंदरांकडं बघत बसले. पार गार झाल्यावर त्यांनी ताट ओढलं आणि जेवले. चाटूनपुसून जेवले!

लुबना स्वयंपाकघरात ओढणीत तोंड खुपसून रडली.

मग ते रोजचंच झालं. ताटातल्या एकेका पदार्थाचा घास आधी उंदरांना, मग बऱ्याच वेळानं यांना.

“गार होऊन राहिलं अब्बा,” लुबना म्हणायची.

“होऊ दे. आधी लेकरं,” ते म्हणायचे.

लेकरांची नावं त्यांनी मिनिट आणि सेकंद ठेवली. पट्टेवाला सेकंद. तो बाहीतून शिरून कॉलरमधून डोकं बाहेर काढायचा, दाढी हुंगायचा आणि खिशात जाऊन झोपायचा. तो झोपला की चांदपाशा खोकलासुद्धा दाबून धरायचे. शेजारणी फिदीफिदी हसायच्या. हसेनात का! वजन चार किलो वाढलं, लातूरचं नाव नबीलनं पुन्हा काढलं नाही.

एक दिवस सेकंद मलूल झाला. खाईना, पिईना, अंग फुगवून बसला. चांदपाशा दिवसभर त्याला तळहातावर घेऊन बसले. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं. त्या दिवशी ताटाकडं त्यांनी पाहिलंही नाही. आनंदराज येऊन औषध देऊन गेला. “थंडी बाधली चाचा, दुसरं काही न्हाई,” म्हणाला. सकाळपर्यंत सेकंद पुन्हा उड्या मारायला लागला.

आणि त्याच दुपारी नवल घडलं. चांदपाशांनी गरमागरम घास थेट स्वतःच्या तोंडात घातला. उंदरांचा वाटा बाजूला ठेवला, तो सावकाश दिला.

“सालन चांगलं झालं, दुल्हन,” ते म्हणाले.

सुलतानबी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तिला दुल्हन म्हटलं. लुबनाला आभाळ ठेंगणं झालं.

रविवारी सादिया लातूरहून भेटायला आली. लुबनानं हौसेनं तिला सगळं सांगितलं आणि चहा टाकायला गेली. चहाचा ट्रे घेऊन ती अब्बांच्या दारापर्यंत आली, तेव्हा आत सादिया हसत होती.

“अब्बा, आधी म्हणे यांना दिल्याशिवाय घास घेत नव्हता. आता स्वतःच आधी जेवता. लेकरं मागं पडली व्हय?”

“मागं कशी पडतील?” चांदपाशांचा आवाज खाली आला. “लई जीव जडला गं यांच्यावर. दुल्हनच्या हातचं आधी यांना कसं चारू? आता आधी मी खातो, अर्धा तास थांबतो. तुझ्या अम्मीसारखं मला काही झालं न्हाई, तरच यांना देतो.”