बाटल्यांवरची नावे

दुपारी रहमा पाव आणायला खाली उतरली, तशी एमनाने फ्रीज उघडला.

आतल्या दोन बाटल्या अगदी सारख्या होत्या, द्रावणही पाण्यासारखे नितळ. एकीवर तिचे नाव होते, दुसरीवर रहमाचे. एमनाने नावांच्या दोन्ही पट्ट्या नखाने उचकटल्या आणि अदलाबदल करून चिकटवून टाकल्या. पट्ट्या सहज निघाल्या, जणू त्यांना गोंद उरलाच नव्हता. थंडीने असेल, असे तिला वाटले.

स्फाक्स शहरातल्या रुग्णालयातले सर्जन गुडघा उघडला की आत जंतुनाशक ओतत. ते किती कडक चालेल, जंतू मरतील पण सांध्यातल्या कूर्चेच्या पेशी वाचतील असे कोणते, हे या प्रयोगशाळेला सांगायचे होते. मेलेली कूर्चा पुन्हा धड उगवत नाही. रुग्णालयाने दोघींना एकेक बाटली पाठवली होती. कुठल्या बाटलीत किती कडक द्रावण, हे प्राध्यापक नजीबनाही कळवलेले नव्हते. दोन्ही सौम्यच आहेत, एवढेच सांगितले होते.

बशीर कसायाकडून वासराचे गुडघे यायचे. दोघी त्यातल्या कूर्चेच्या पेशी काचेच्या बशांत वाढवायच्या, आपापल्या बाटलीतल्या द्रावणाने धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. रंगद्रव्य घातले की जिवंत पेशी हिरव्या दिसत, मेलेल्या लाल.

रहमाच्या बशा दर वेळी हिरव्यागार. एमनाच्या लालभडक.

"बशीर वासराला एकदाच मारतो," तंत्रज्ञ लतीफ सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आपली एमना त्याला दुसऱ्यांदा मारते."

सगळे हसले. रहमाही हसली. ते हसू एमनाला आजही बोचत होते. विभागात कायमची जागा एकच होती आणि ती कुणाला मिळणार हे बशांचा रंग ठरवणार होता. रहमाला सगळेच कसे आयते मिळायचे. सरांचे कौतुक, लतीफची मदत, आणि आता ही बाटलीसुद्धा. हिला एकदा लाल रंग दिसू दे, एमना मनात म्हणाली.

रहमा गरम पाव घेऊन आली. "हरिसाची तिखट चटणी जास्त घातलीय तुझ्या पावात," ती म्हणाली. "तोंड जरा लाल होऊ दे तुझं." एमना हसली नाही. खाऊन झाल्यावर दोघींनी शेजारी बसून पेशी धुतल्या.

दुसऱ्या दिवशी एमनाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लाल. तिने रहमाची बशी ओढून पाहिली. हिरवी.

नजीब सर मागेच उभे होते. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. काल सकाळी मी तुमच्या बाटल्यांवरची नावं बदलली होती. कल्पना रहमाची. ती म्हणाली, सर, एमनाचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, दोष बाटलीचाच असणार, एकदा बदलून तरी बघा."

"मला खात्री होती गं," रहमा पुटपुटली. तिला वर बघवत नव्हते.

"बाटली बदलली, तरी तुझ्याच पेशी मेल्या," सर म्हणाले. "म्हणजे दोष हाताचा. तुझे निकाल अहवालातून काढावे लागतील. दोन्ही द्रावणं चालतील असं रुग्णालयाला कळवतो."

म्हणजे काल सकाळी एमनाच्या वाट्याला रहमाची बाटली आली होती. दुपारी तिने ती परत देऊन आपलीच ओढून घेतली होती. आता ते कडक द्रावण कुणाच्या तरी उघड्या गुडघ्यात ओतले जाणार होते.

रहमाने हळूच तिच्या हातावर हात ठेवला.

"सर," एमना म्हणाली, आणि थांबली. आपल्या हातात दोष नाही हे सांगायला, त्या हाताने काल दुपारी काय केले ते आधी सांगावे लागणार होते.