पडद्यावरची बायको

रंगमंचावर शिरीषनं उत्तरासाठी तोंड उघडलं, तोच मागच्या पडद्यावरून हेमांगीचा पुढचा प्रश्न आदळला.

नाटक दोघांचंच, खऱ्याखुऱ्या नवराबायकोचं. तो प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष, ती आधी चित्रित केलेल्या फिल्ममध्ये. तिच्या प्रत्येक प्रश्नानंतर फिल्ममध्ये त्याच्या उत्तरापुरती शांतता ठेवलेली असायची. कल्पना तिची होती, फिल्मही तीच जोडायची. पण काल पत्रकारांसमोर ती हे सांगायला लागली, तर त्यानं नेहमीसारखं तिला मध्येच तोडलं, "थांब गं, मी सांगतो."

आज दुपारी तिनं फिल्ममधली ती सगळी शांतता कापून टाकली.

"हे बघ, मी..."

"गप्प का आहेस?" पडद्यावरची हेमांगी कडाडली.

"गप्प नाही, मी..."

"नाहीच ना उत्तर तुझ्याकडे?"

प्रेक्षक खदखदून हसले. फिल्म काही कुणासाठी थांबत नाही. प्रोजेक्टरजवळ खरी हेमांगी हाताची घडी घालून उभी होती.

अखेर घामाघूम झालेला शिरीष पडद्याकडे वळून ओरडला, "अगं, मला बोलू तरी दे!"

हे वाक्य संहितेत नव्हतं. पण हेमांगीला ते पाठ होतं. लग्न झाल्यापासून ते तिचंच होतं.