गळ्यातला थांबा

काही भाषांमध्ये बोलताना गळा क्षणभर बंद होतो, आणि तो थांबा एखाद्या अक्षराइतका मोलाचा असतो. मराठीत तसं नाही, असं बंगळुरात ध्वनींवर संशोधन करणाऱ्या अजिंक्यनेच लिहिलं होतं. म्हणून त्याच्या बनशंकरीच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या, मूळच्या निपाणीच्या विठाबाईंच्या बोलण्यात तो थांबा ऐकू आला, तेव्हा तो हरखून गेला. दर मंगळवारी पोळ्या झाल्या की तो त्यांना माईकसमोर बसवायचा.

“अण्णा, ह्यात काय सोनं घावतंय तुमाला? खाकरून बोलू काय नीट?”

“नको मावशी, खाकरू नका. आहे तसंच बोला.”

चौदा महिन्यांत थांबे वाढत गेले, तसा त्याचा निबंधही. मग पडताळ्यासाठी त्याने विठाबाईंच्या धाकट्या बहिणीला निपाणीहून बोलावून घेतलं. तिच्या बोलण्यात तो थांबा एकदाही आला नाही. तिने मात्र अक्काची दोनच वाक्यं ऐकली आणि तिला उठवून थेट दवाखान्यात नेलं. अजिंक्यही मागोमाग गेला.

“गाठ फार वाढलीय,” डॉक्टर म्हणाले. “आवाज असा अडकायला कधी लागला, काही सांगता येईल?”



अजिंक्यकडे तारीखवार नोंद होती.