हुंगण्याचा नेम

तेल स्वतः हुंगल्यावाचून रोग्याच्या हाती द्यायचे नाही, हा वैद्यबुवांचा चाळीस वर्षांचा नेम. गेल्या तापात घ्राणशक्ती गेली, तरी कुणाला न सांगता त्यांनी नेम चालूच ठेवला. आज गुडघे चोळत बसलेल्या आजींसाठी त्यांनी बाटली उघडली, डोळे मिटून नाकाशी नेली, मान डोलावली. “उत्तम!” औषध कुटणाऱ्या सुनेचा हात थबकला. खवट दर्प तिच्यापर्यंत पोहोचला होता. “मामंजी, आजींना ताजं देऊ या,” एवढेच म्हणून तिने दुसरी बाटली आणली. “तुमच्या सुनेचा भारी जीव हो माझ्या गुडघ्यांवर!” आजी हसल्या. वैद्यबुवा काय ते समजले. तिने झाकलेले झाकलेलेच ठेवता आले असते. पण त्यांनी नवी बाटली सुनेपुढे धरली. “आधी तू हुंग, सूनबाई. मला वास येत नाही.” तिने तसेच डोळे मिटून तेल हुंगले. “उत्तम, मामंजी!”